छऱ्याची बंदूक घट्ट धरली की नेम गेला

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला आणि लोखंडी कपाटातली छऱ्याची बंदूक बाहेर निघाली. पोरगा शहरात रेंजवर जातो, दहा मीटरवरून एअर रायफल मारतो, दोन-चार प्रमाणपत्रंही मिळवलीत. त्यामुळे थोडा तोरा होताच. आमच्या विहिरीमागे मातीचा उंच बांध आहे. त्याच्या पुढ्यात, वीस पावलांवर कागद लावला. गड्यानं दस्ता खांद्यात रुतवला, डाव्या मुठीत बंदूक आवळली, श्वास रोखला आणि पाच बार काढले. पाचही कागदावर लागले, पण बशीएवढ्या जागेत इकडे-तिकडे.

"मामा, नळी वाकडी आहे हिची."

"नळी सरळ आहे. तू तिचा गळा आवळलायस."

"मग धरू नको?"

"धरू नकोस. नुसती ठेव."

त्याला वाटलं मामा चेष्टा करतोय. पण स्प्रिंगच्या एअर रायफलचं सगळं शास्त्र त्या 'ठेव'मध्ये आहे. ते कळायला बंदुकीच्या पोटात काय चालतं ते आधी बघावं लागतं.

पोटात काय असतं

बंदुकीत दाबलेली हवा भरून ठेवलेली असते असा पुष्कळांचा समज असतो. हवा भरून ठेवणाऱ्या बंदुका असतात, पण त्या वेगळ्या. स्प्रिंगच्या बंदुकीत चाप ओढेपर्यंत आतली हवा आपल्या भोवतीच्या हवेसारखीच साधी असते. साठवलेली असते ती ताकद, आणि ती एका जाड पोलादी स्प्रिंगमध्ये.

नळी बिजागरीवर खाली वाकवली की तिला जोडलेली दांडी पिस्टनला मागे ढकलते. पिस्टनच्या मागची स्प्रिंग दबत जाते, शेवटी 'टक्' होतं आणि पिस्टन खटक्यात अडकतो. यालाच नळी मोडणं किंवा बंदूक ओढणं म्हणतात. उघड्या नळीत छर्रा बसवायचा, नळी परत सरळ करायची. चाप ओढला की खटका सुटतो आणि स्प्रिंग पिस्टनला पुढे झोकते. पुढची हवा दबत दबत एका बारीक भोकातून छऱ्यामागे शिरते आणि छर्रा सुटतो.

सायकलचा पंप आठवा. तोंडावर बोट दाबून दट्ट्या जोरात खाली नेला तर दोन गोष्टी कळतात. एक, शेवटी शेवटी हवा दट्ट्याला मागे रेटते. दोन, पंप तापतो. बंदुकीत हेच होतं, फक्त दट्ट्या माणसाच्या हातापेक्षा कितीतरी जोरात येतो. त्यामुळे हवा क्षणभर चांगलीच तापते. ही ऊब छऱ्याला ढकलायला उपयोगी पडते, आणि चुकीचं तेल घातलं तर घातही करते. तो किस्सा पुढे येईलच.

स्प्रिंगमध्ये भरलेल्या ताकदीचा साधारण तिसरा हिस्साच छऱ्याच्या वाट्याला येतो. बाकीची घर्षण, उष्णता, आवाज आणि बंदुकीच्या हिसक्यात जाते. हा हिसकाच सगळ्या कटकटीचं मूळ आहे.

दोन धक्के

दारूच्या बंदुकीत गोळी निघते आणि धक्का बसतो, दोन्ही बरोबरच. धक्का खांद्याला नीट जाणवेपर्यंत गोळी नळीबाहेर गेलेली असते. स्प्रिंगच्या बंदुकीत मात्र छर्रा जागचा हलायच्या आधीच बंदूक हलायला लागते.

खटका सुटला की वजनदार पिस्टन पुढे धावतो, म्हणून बंदूक मागे सरकते. छर्रा अजून जागेवरच. मग दबलेली हवा पिस्टनला पुढून अडवते, पिस्टनचा वेग एकदम मोडतो आणि बंदूक उलट पुढे झेपावते. याच सुमाराला छर्रा सुटतो. पिस्टन हवेच्या गादीवर आपटून थोडा मागे उडतो, पुन्हा पुढे जातो आणि थांबतो. सगळं मिळून सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. या एवढ्या वेळात बंदूक मागे गेली, पुढे आली, थोडी थरथरली, आणि छर्रा तोवर नळीतून वाट काढत होता.

आता भाच्याची मूठ आठवा. माणसाची मूठ दर वेळी सारखीच घट्ट नसते. पहिल्या बाराला जोर जास्त, तिसऱ्याला हात दमलेला, चौथ्याला मागचा चुकला म्हणून राग. दर वेळी बंदूक निराळ्या तऱ्हेनं हलते आणि छर्रा निघताना नळीचं तोंड निराळ्या जागी असतं. नळी वाकडी नसून हालचाल दर वेळी नवी असते.

म्हणून बंदुकीला थांबवायचा प्रयत्नच करायचा नाही. ती हलणार. दर बाराला ती सारखीच हलली पाहिजे, एवढंच आपण बघायचं. अमेरिकेतल्या टॉम गेलॉर्ड या एअरगनवर लिहिणाऱ्या गृहस्थांनी या पद्धतीला तोफेच्या पकडीचं नाव दिलं. तोफ चाकांवर मोकळी मागे जाते, तशी बंदूक मोकळी सोडायची.

प्रत्यक्षात ते असं. डावा तळवा उघडा, वर केलेला, प्रसाद घेताना धरतो तसा. त्यावर दस्त्याचा पुढचा भाग नुसता टेकलेला, बोटं वर वळवायची नाहीत. दस्त्याचं टोक खांद्याला लागलेलं, दाबलेलं नाही. गाल अलगद टेकलेला. उजव्या हाताची पकड हस्तांदोलनापेक्षाही सैल, आणि चाप बोटाच्या पेरानं सरळ मागे. तळवा नेमका कुठं ठेवायचा हे प्रत्येक बंदुकीचं वेगळं. चापाच्या कडीजवळ ठेवून पाच मारा, चार बोटं पुढे सरकून पाच मारा, अजून पुढे पाच. जिथं भोकं जवळ येतील ती जागा खडूनं खूण करून ठेवा. माझ्या बंदुकीवर ती खूण अजून आहे.

एक छोटी परीक्षा. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, अजून लक्ष्यावरच आहे का? बाजूला गेली असेल तर इतका वेळ तुम्ही स्नायूंच्या जोरानं बंदूक तिथं ओढून धरली होती. मग हात नाही, पाय हलवा. सगळं अंगच वळवून बसा. चाप ओढल्यावरही लगेच मान वर करायची नाही. छर्रा वीस मीटर जायला सेकंदाचा अकरावा-बारावा भाग घेतो, त्याआधी पिस्टनचा वेळ वेगळा. कागदावर भोक दिसेपर्यंत तसंच राहायचं.

आणि बंदूक भिंतीवर, टेबलावर, खिडकीच्या चौकटीवर थेट टेकवू नका. कठीण वस्तूवर ती उसळते आणि छर्रा भलतीकडे जातो. टेकवायचीच तर मध्ये आपला तळवा हवा.

मग भाचा रेंजवर इतका चांगला का मारतो? कारण त्याच्या हातातली बंदूक हलतच नाही. दहा मीटरच्या स्पर्धेत मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथं हे झटके परवडणारे नाहीत. १९७० च्या दशकात स्पर्धा गाजवणारी जर्मनीची फाइनवर्कबाऊ ३०० ही स्प्रिंगचीच होती, पण तिची सगळी यंत्रणा बार निघताना दस्त्यावरच्या रुळांवर मागे सरकायची, म्हणून मारणाऱ्याला झटका लागायचाच नाही. एअर रायफल १९८४ साली लॉस एंजेलिसला ऑलिंपिकमध्ये आली, आणि पुढे स्पर्धांमधून स्प्रिंग गेलीच. अलीकडच्या स्पर्धांतल्या बंदुकांना नळीखाली दाबलेल्या हवेचं सिलिंडर असतं. २०२२ साली कैरोला दहा मीटरचं जगज्जेतेपद मिळवणाऱ्या ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलची बंदूक त्या जातीची. तिचे गुण वेगळे, तिची सवय वेगळी. स्प्रिंगवालीला त्या सवयीनं हाताळलं की बशीएवढी भोकं पडतात.

घेताना

आपल्याकडे जुन्या घरांतून सापडते ती बहुतेक मॉडेल ३५ च्या वळणाची. ही मूळ जर्मन डायना कंपनीची रचना. आयएचपी हे नाव कोरलेली दिसली तर ती इंडियन ह्यूम पाइप कंपनीची. होय, पाण्याचे सिमेंटचे पाइप करणारी वालचंद समूहातली तीच. अशी बंदूक फुकट मिळाली तर नाही म्हणू नये. आतली कातडी वॉशर आणि स्प्रिंग बदलली की ती पुन्हा बोलायला लागते. नव्या बंदुकांमध्ये महाराष्ट्रातल्याच प्रिसिहोलनं चांगलं काम केलंय. मूळ धंदा लांब, खोल भोकं पाडणाऱ्या यंत्रांचा, आणि बंदुकीची नळी म्हणजे दुसरं काय?

कायदा आधी समजून घ्या. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ज्या एअर रायफलची नळी ४.५ मिलिमीटरची म्हणजे पॉइंट १७७ इंचाची आहे आणि ताकद २० ज्यूलच्या आत आहे, तिला परवाना लागत नाही. यातली एक जरी मर्यादा ओलांडली, म्हणजे ताकद जास्त किंवा नळी पॉइंट २२ ची, तर परवाना लागतो. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागेल; द्या, आणि पावती जपून ठेवा. परवाना नको म्हणजे मिरवायला मोकळीक, असं नव्हे. निवडणूक, सण, मोर्चे यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात. रेंजवर नेताना बंदूक रिकामी आणि बंद पिशवीतच असावी. परदेशी असाल तर तिथली रेषा वेगळी आहे. इंग्लंडमध्ये बिनपरवाना एअर रायफलची मर्यादा १२ फूट-पाउंड, म्हणजे सोळा-सव्वासोळा ज्यूल. स्कॉटलंडमध्ये तर २०१६ च्या अखेरीपासून तेवढीलाही परवाना लागतो. जर्मनीत साडेसात ज्यूल, आणि तशा बंदुकीवर पंचकोनात एफ हे अक्षर ठोकलेलं असतं.

ज्यूल मोजायला पाचवी-सातवीचं गणित पुरतं. छऱ्याचं वजन किलोग्रॅममध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ०.५५ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २४० मीटरनं निघाला तर १५.८ ज्यूल. तोच २७० नं निघाला तर २० ची रेषा गाठली. वेग मोजायला क्रोनोग्राफ नावाचं छोटं यंत्र मिळतं.

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या वेगाला भुलू नका. तो आकडा पुष्कळदा अगदी हलक्या, शिसं नसलेल्या छऱ्यानं काढलेला असतो, आणि तसले छर्रे नेमाला बहुधा निकामीच. शिवाय छऱ्याचा वेग आवाजाच्या वेगाच्या, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटरच्या जवळ गेला की तो हवेत डगमगतो. मध्यम ताकदीची, ओढायला सोपी बंदूक घ्या. दिवसभरात शंभर वेळा नळी मोडायची असते, विसाव्या वेळी दंड भरून आले तर सरावच होत नाही.

छर्रा डमरूच्या आकाराचा असतो, डोकं भरीव, कंबर बारीक, मागचा घेर पोकळ. हवेचा दाब घेराला फुगवून नळीला चिकटवतो, नळीतल्या वळणदार खाचा त्याला फिरवतात, आणि बाहेर पडल्यावर मागचा घेर शेपटासारखा त्याला सरळ ठेवतो. म्हणून घेर चेमटलेला छर्रा वापरू नये. डब्यावर ४.५०, ४.५१, ४.५२ असे डोक्याचे आकडे असतात. कुठला आपल्या नळीला मानवतो ते सांगता येत नाही, मारूनच बघावं लागतं. तीन-चार प्रकारचे छर्रे आणा, प्रत्येकाचे दहा-दहा मारा. पाच भोकं नशिबानं जवळ पडतात, दहा पडत नाहीत. नवी बंदूक पहिले काही शे बार जरा लहरी वागते, तेवढी सवड द्या.

दुर्बीण लावायची तर एअरगनसाठी म्हणून बनवलेलीच लावा. दारूच्या रायफलीची महागडी दुर्बीणही इथं फुटू शकते, कारण तिची भिंगं मागच्या धक्क्याला तोंड द्यायला बसवलेली असतात आणि इथं धक्का पुढूनही येतो. माउंट, म्हणजे दुर्बीण बंदुकीवर धरणारी पकड, हळूहळू मागे घसरतो, म्हणून अडवणारी पिन असलेला घ्या. खरं तर पहिलं वर्षभर साधी माशीच बरी. तिच्यावर आपल्या चुका जास्त स्पष्ट दिसतात.

ट्यूनिंग म्हणजे ताकद वाढवणं नव्हे

"मामा, हिच्यात जाड स्प्रिंग टाकली तर?"

हा प्रश्न येणारच होता. प्रत्येकाला येतो, मलाही आला होता. जाड स्प्रिंग टाकली की ओढायला जड होतं, हिसका वाढतो, पिस्टन जोरात आपटतो, आणि वेग मात्र जेमतेम वाढतो. कारण सिलिंडरमध्ये हवा मावते तेवढीच मावते. पिंप तेच आहे, पाणी किती जोरानं ढकललंत तरी पिंपापेक्षा जास्त कुठून येणार? वर २० ज्यूलची रेषा आहेच. चांगलं ट्यूनिंग बंदुकीला शांत करतं. तिचे झटके कमी आणि एकसारखे करतं, दर बाराचा वेग जवळजवळ तोच ठेवतं. दहा बारांत वेगाचा फरक सेकंदाला तीनेक मीटरच्या आत राहिला तर कारागिरानं पेढे वाटावेत.

सुरुवात स्क्रूड्रायव्हरनं. दस्त्याचे स्क्रू हिसक्यांनी सैल होतात आणि कालपर्यंत नीट मारणारी बंदूक आज वेड्यासारखी वागते. नेम बिघडला की सगळ्यात आधी हे स्क्रू बघा. मी बंदूक उघडून, स्प्रिंग काढून दोन दिवस घालवलेत आणि शेवटी दोष दस्त्याच्या एका स्क्रूत निघालाय.

मग नळीच्या बुडाशी, जिथं ती मोडते, तिथलं गोल सील. हवा तिथून गळते का हे बघायला कागदी रुमालाची बारीक पट्टी त्या फटीवर ठेवून बार काढा. पट्टी उडाली तर सील गेलं. काही रुपयांचं काम आहे, पण गेलेला वेग परत येतो.

पुढचं काम बंदूक उघडण्याचं, आणि इथं सावध. बंदूक ओढलेली नसतानाही स्प्रिंग आत दाबूनच बसवलेली असते, काही मॉडेलमध्ये चांगली चार-पाच सेंटिमीटर. मागची पिन काढली आणि हातानं आवरायला गेलात तर मागचं लोखंड छातीत नाहीतर तोंडावर येतं. सुताराकडचा लांब क्लॅम्प घेऊन त्यात बंदूक धरायची, स्प्रिंग किंचित दाबून पिनेवरचा भार काढायचा, मग पिन, आणि मग क्लॅम्पचा स्क्रू हळूहळू सोडत जायचा. ही तयारी नसेल तर उघडूच नका, जाणत्याकडे द्या.

उघडल्यावर बहुतेक कारखान्यातल्या बंदुकांत दिसतं ते असं: भरमसाट ग्रीस, कडांना धातूचे काटे, आणि स्प्रिंग ज्या दांडीवर बसते ती दांडी सैल. बार काढल्यावर 'टॅण्ण' असा जो आवाज घुमतो तो याच सैलपणाचा. स्प्रिंग दांडीवर खडखडते, थरथरते. माझ्याकडे लेथ आहे, म्हणून मी डेलरिन या कठीण प्लास्टिकची दांडी स्प्रिंगच्या आतल्या मापाला अगदी लागून बसेल अशी वळवून घेतली. स्प्रिंग तिच्यावर जराशी पिळून चढवावी लागते, इतकी लागून. तेवढ्यानं आवाज निम्म्याहून खाली आला. पहिला बार काढला तेव्हा मला वाटलं छर्रा अडकला.

स्प्रिंगची दोन्ही टोकं बारीक पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करायची. ती दाबताना थोडी फिरते, टोक खरखरीत असेल तर ओरखडत फिरते. काटे कानशीनं काढायचे, विशेषतः जिथून पिस्टनचं सील आत सरकतं त्या कडा, नाहीतर नवं सील बसवतानाच फाटतं. जुनी ग्रीस रॉकेलनं धुऊन पूर्ण वाळवायची. मग पिस्टनच्या मागच्या अंगाला आणि खटक्यात अडकणाऱ्या भागाला मॉलिब्डेनमची काळी ग्रीस, अगदी बोटानं पुसून उरेल एवढी. स्प्रिंगला दाट, चिकट ग्रीस, तीही पातळ थरात. तिच्या चिकटपणानं थरथर मरते. जास्त चोपडली तर पिस्टन मंदावतो. आणि सीलच्या पुढे, हवेच्या बाजूला, काहीही नाही.

हे 'काहीही नाही' मी किंमत मोजून शिकलो. कॉलेजात असताना बंदूक करकरते म्हणून हवेच्या भोकातून शिवणयंत्राच्या तेलाचे चार-पाच थेंब सोडले. पुढचा बार असा निघाला की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. नळीतून निळसर धूर. मी खूश, ताकद वाढली! दहा-बारा बारांनी ताकद होती त्याहून निम्मी झाली. झालं होतं असं की दबून तापलेल्या हवेत तेलाची वाफ पेटत होती. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, दाबानंच डिझेल पेटतं, तेच इथं. सील जळालं आणि स्प्रिंगची एक कडी तुटली.

थोडंसं जळणं तसं स्वाभाविक आहे. इंग्लंडमध्ये कार्ड्यू या बापलेकांनी हवेऐवजी नायट्रोजन भरून बंदूक चालवून पाहिली, तर ताकद लक्षणीय उतरली. म्हणजे वंगणाचा सूक्ष्म अंश साध्या बारातही जळतो. पण स्फोट वेगळा आणि ही धुगधुगी वेगळी. जुन्या बंदुकीत कातडी वॉशर असेल तर तिला सुकू द्यायचं नाही. सायकल पंपाची वायसर सुकली की पंप हवा धरत नाही, तसंच. तिला अधूनमधून सिलिकॉन तेलाचा एखाद-दुसरा थेंब द्यावा, मग बंदूक नळी वर करून रात्रभर उभी ठेवावी. नव्या बंदुकीत सील कृत्रिम असतं, त्याला बाहेरून काही लागत नाही.

चापाबद्दल एवढंच: बाहेरून जो स्क्रू दिला असेल तेवढाच फिरवा. खटक्याचे कोन घासून चाप 'मऊ' करणारे कारागीर गावोगाव भेटतात. असा मऊ केलेला खटका एक दिवस आपणहून सुटतो.

छर्रा सरळ जात नाही

नजर सरळ जाते, छर्रा वाकून जातो. दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर असते. २४० मीटर वेगाचा छर्रा पंचवीस मीटर जाईपर्यंत सहाएक सेंटिमीटर खाली पडलेला असतो, म्हणून नळी किंचित वर रोखलेली ठेवतात. पंचवीस मीटरवर शून्य केलेली, म्हणजे तिथं नेम तंतोतंत जुळवलेली बंदूक दहा मीटरवर सेंटिमीटरभर खाली मारते, आणि चाळीसवर पाच-सहा सेंटिमीटर खाली. नवख्याला दहा मीटरचं गणित पटत नाही. जवळ असून खाली कसं? कारण छर्रा नजरेच्या खालून निघालाय आणि अजून वर चढून नजरेला भेटायचाय. अंतरं बदलून कागदावर मारा, भोकं मोजा, आकडे दस्त्यावर चिकटवा.

वाऱ्याचं तर विचारूच नका. अर्ध्या ग्रॅमचा जीव, झुळूक आली की सरकतो. सकाळी लवकर मारा.

जे आधी सांगायला हवं होतं

नळी मोडून छर्रा भरताना तिच्यावरचा हात सोडायचा नाही आणि चापाजवळ बोट न्यायचं नाही. उघड्या नळीत खटका सुटला तर नळी सापळ्यासारखी उसळून बंद होते; बोटं तुटतात, नळी वाकते, दस्ता फुटतो. छऱ्याशिवाय रिकामा बार काढू नका. पुढे छर्रा नसला की हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन थेट लोखंडावर आपटतो. ओढलेली बंदूक तशीच तासन्‌तास ठेवली तर स्प्रिंग हळूहळू बसते.

छर्रा दोन-तीनशे मीटर सहज जातो. म्हणून गच्चीवरून, गल्लीत, आंब्याच्या झाडात, कुठंही नाही. मागे मातीचा बांध किंवा वाळूनं भरलेली पोती हवीत. दगड, लोखंडी पत्रा, कठीण लाकूड यांवरून छर्रा उलटा येतो. चष्मा लावा, बघणाऱ्यालाही द्या. मुलं असतील तर आपण शेजारी उभं राहायचं, आणि बंदूक कुलपात.

पक्ष्यांवर, प्राण्यांवर नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत मारण्याचा प्रयत्नही येतो, त्यामुळे 'लागला नाही' हा बचाव नाही. कोकणात वानरांनी बागा उठवल्या की लोक वैतागून ही बंदूक काढतात. वैताग मला समजतो, नारळ माझ्याही मेव्हण्याचे गेलेत. पण वानर या छऱ्यानं मरत नाही. छर्रा अंगात राहतो, जखम पिकते, आणि ते आठवडाभर हाल होऊन कुठंतरी पडतं. गुन्हा तर आहेच.

भाच्यानं तिसऱ्या दिवशी तळव्याची जागा शोधली. वीस पावलांवरून दहा छर्रे मारले, आठ एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले, दोन बाहेर. त्या दोघांबद्दल त्यानं बंदुकीला बोल लावला नाही. कागद काढून थेट स्वयंपाकघरात आजीला दाखवायला पळाला आणि तिथंच चिवड्याच्या डब्यात हात घालणार, तेवढ्यात मी ओरडलो. छर्रे शिशाचे असतात. आधी साबणानं हात धुवायचे.